अ‍ॅग्रो की मिडरेंज? मॅजिकचा पहिला डेक बांधणाऱ्यांसाठी

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी रविवारची जेवणं उरकली की टेबलावर मॅट पसरतात. माझा भाचा, त्याचे दोन मित्र, वरच्या मजल्यावरचे काका आणि मी. पत्त्यांचा खेळ 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला आणि १९९३ साली बाजारात आलेला. गेल्या दीड वर्षात या टेबलावर सात-आठ नवी माणसं येऊन बसली आणि प्रत्येकाने पहिल्या तासाभरात हेच विचारलं: अ‍ॅग्रो घेऊ की मिडरेंज?

मीही हेच विचारलं होतं. तेव्हा मला दोन उत्तरं मिळाली. एक, अ‍ॅग्रो सोपा असतो. दुसरं, मिडरेंज घेतला की निदान धोका नाही. दोन्ही खोटी निघाली, आणि ते कळेपर्यंत माझे सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. प्रत्येकाला वीस लाइफ, साठ पानांचा डेक, सुरुवातीला हातात सात पानं आणि टर्नला एक लँड, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

## १. आधी दोन्ही शब्दांचा अर्थ नीट लावा

अ‍ॅग्रो म्हणजे समोरच्याची महागडी पानं टेबलावर येण्याआधी डाव संपवायचा. सगळी पानं एक-दोन मानाची (मान म्हणजे पान खेळायची किंमत, ती लँडमधून मिळते). चौथ्या-पाचव्या टर्नपर्यंत वीस लाइफ उतरवायचे, हा सगळा बेत.

मिडरेंज म्हणजे पहिले तीन टर्न तग धरायचा आणि मग तीन ते पाच मानाची अशी पानं टाकायची, की एकेक पान दोन पानांचं काम करेल. 'रॅव्हनस चुपाकाब्रा' घ्या. चार मानाचं क्रीचर (टेबलावर राहून लढणारं पान), टेबलावर येताच समोरच्याचं एक क्रीचर मारतं आणि स्वतः उभं राहतं. 'थ्रॅगटस्क' पाच मानाचा. आल्यावर पाच लाइफ देतो, आणि गेला तर मागे तीन-तीनचा (तीन मारणारा, तीन सोसणारा) प्राणी ठेवून जातो.

इथपर्यंत कुठेही वाचायला मिळतं. मला उशिरा कळलं ते असं की ही डेकची नावं असली तरी डावातली भूमिका डेकवर ठरत नाही. दर टर्नला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी घाई कोणाला आहे? डाव लांबला तर ज्याचं नुकसान होणार, घाई त्याला. अ‍ॅग्रोसमोर मिडरेंज निवांत बसू शकतो. पण तोच मिडरेंज एखाद्या सावकाश कंट्रोल डेकसमोर (समोरच्याची पानं रोखत डाव लांबवणाऱ्या) बसला की घाई त्याला होते. पान तेच, हात तोच, वागणं मात्र उलटं. पाच-तीन-दोन खेळताना पाच हात करायचे आहेत की दोन, यावर आपण तेच पान वेगळं खेळतो ना? तसंच हे.

## २. सामान जमवा

- दोन डेकची पानं. हो, दोन्ही. एक निवडू नका. कारण आठव्या पायरीत आहे.
- स्लीव्ह (पानांवर चढवायची प्लास्टिकची कव्हरं), दोन रंगांच्या, प्रत्येकी निदान पासष्ट. मॅजिकचं पान ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, त्याला 'स्टँडर्ड' मापाच्या स्लीव्ह लागतात. लहान जपानी मापाच्या स्लीव्हही तशाच पाकिटात विकतात. माझी पहिली ऑर्डर तीच आली आणि विक्रेत्याने परत घेतली नाही. मागवण्याआधी मिलिमीटर वाचा.
- फासे सहा-आठ, क्रीचरवरची खूण ठेवायला.
- वही आणि पेन. लाइफ लिहून ठेवा. फाशावर लाइफ मोजला की कोणाचा तरी हात लागतो आणि वाद होतो.
- सुती फडकं. इंदुरात खेळताना टेबलावर पोहे आणि सेव असणारच. सेवेचं तेल एका स्लीव्हला लागलं की ते पान मागून ओळखू येतं. घरी चालून जाईल, पण स्पर्धेत याला 'मार्क्ड कार्ड' म्हणतात आणि दंड होतो. आमच्याकडे खाणं वेगळ्या टेबलावर ठेवतो.

सुरुवातीला खरी पानं विकत घेऊ नका. खजुरी बाजारात प्रिंटच्या दुकानात जाड कागदावर रंगीत प्रिंट काढून मिळते. पान मापात कापा, स्लीव्हमध्ये मागे एखादं जुनं खरं पान ठेवा आणि पुढे प्रिंट. याला प्रॉक्सी म्हणतात. घरच्या सरावाला उत्तम, अधिकृत स्पर्धेत मात्र चालत नाही. आणि प्रॉक्सी कधीही कोणाला खरं पान म्हणून देऊ नका किंवा विकू नका.

## ३. दोन्ही डेकचे सांगाडे मांडा

खालच्या याद्या एकमेकांविरुद्ध खेळून शिकण्यासाठी आहेत. स्पर्धेला जाल तेव्हा त्या फॉरमॅटमध्ये कोणतं पान चालतं ते आधी तपासा.

लाल अ‍ॅग्रो
- माउंटन २०
- एक मानाची क्रीचर १६: गॉब्लिन गाइड, मोनास्टरी स्विफ्टस्पिअर, जॅकल पप, मॉग फॅनॅटिक, प्रत्येकी ४
- दोन मानाची क्रीचर ८: विआशिनो पायरोमॅन्सर, केल्डन मरॉडर्स, प्रत्येकी ४
- थेट डॅमेज, ज्याला बर्न म्हणतात, १६: लाइटनिंग बोल्ट, लाव्हा स्पाइक, शॉक, सिअरिंग स्पिअर, प्रत्येकी ४

हिरवा-काळा मिडरेंज
- लँड २४: फॉरेस्ट १०, स्वॅम्प १०, जंगल हॉलो ४
- लानोवार एल्व्ज ४
- क्रीचर मारणारी पानं ८: फेटल पुश, डूम ब्लेड, प्रत्येकी ४
- ड्युरेस ४ (समोरच्याचा हात पाहून त्यातलं एक पान काढून टाकतं)
- एल्विश व्हिजनरी ४, फायरेक्सियन रेगर ४
- किचन फिंक्स ४, रॅव्हनस चुपाकाब्रा ४, थ्रॅगटस्क ४

प्रत्येक पान चार-चार का? कारण चार प्रती असल्या की पहिल्या सात पानांत ते पान दिसण्याची शक्यता साधारण ४० टक्के असते. नवा माणूस आवडलेलं प्रत्येक पान एकेक घालतो आणि मग प्रत्येक डाव नवाच वाटतो. शिकायला काही उरत नाही.

जंगल हॉलोसारखी लँड दोन्ही रंग देते, पण टॅप होऊन येते, म्हणजे त्या टर्नला वापरता येत नाही. चारच ठेवा. माझ्या पहिल्या मिडरेंजमध्ये अशा बारा होत्या. रंगांची कधी अडचण आली नाही, पण अ‍ॅग्रोसमोर रोज एक टर्न मागे पडत होते.

## ४. लँडचा हिशेब करा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या पाहण्यात नवे खेळाडू सर्वाधिक डाव इथेच हरतात.

साठात २४ लँड असतील तर पहिल्या सात पानांत सरासरी २.८ येतात, २० असतील तर २.३. सुरुवात करणाऱ्याला पहिल्या टर्नला पान ओढता येत नाही, म्हणून चौथ्या टर्नपर्यंत तो दहा पानं पाहतो. २४ लँडवर त्यांत बरोबर चार येतात, २० वर तीनच्या थोडं वर. मिडरेंजला चौथ्या टर्नला चुपाकाब्रा टाकायचा आहे, त्याला चौथी लँड हवीच. अ‍ॅग्रोला तीन लँडवर सगळं खेळता येतं. त्याच्यासाठी पाचवी लँड म्हणजे वाया गेलेला बोल्ट.

दुसरी बाजूही पाहा. २० लँडवर चारातला एक हात शून्य किंवा एकाच लँडचा येतो. २४ वर असे हात सातातला एक. "अ‍ॅग्रो आहे, अठरा लँड पुरतील" असं म्हणणारे भेटतील. या यादीत दोन मानाची बारा पानं आहेत, म्हणून मी वीसच्या खाली जात नाही.

एक सापळा मोबाइलवाल्यांसाठी. 'मॅजिक अरीना' फुकट आहे आणि नियम अंगवळणी पाडायला फार चांगलं. पण तिथे एकाच डावाचा सामना खेळता तेव्हा यंत्र आतल्या आत एकाहून जास्त हात काढून लँडचं प्रमाण जुळणारा हात तुमच्यापुढे ठेवतं. टेबलावर असं कोणी करत नाही. भाच्याचा सोळा लँडचा डेक अरीनावर झकास चालायचा, घरी त्याला तीन रविवार लँडच मिळेनात. लँडची संख्या पारखायची असेल तर तिथे तीन डावांचा सामना निवडा.

## ५. हात ठेवायचा की टाकायचा

हात पसंत नसेल तर पिसून पुन्हा सात पानं घ्यायची आणि जितक्यांदा बदललं तितकी पानं डेकच्या तळाशी ठेवायची. २०१९ पासून मलिगनचा नियम असाच आहे.

अ‍ॅग्रोचा चांगला हात: दोन लँड, एक मानाची दोन क्रीचर, उरलेलं बर्न. तिसरी लँड आली तर उत्तम. पाच लँड आणि दोन बोल्ट हा हात टाका. नुसतं बर्न आणि दोन लँड हा हात फसवतो. एका बोल्टने तीन लाइफ उतरतात, म्हणजे वीस लाइफ केवळ बोल्टने उतरवायला सात बोल्ट लागतात. पहिल्या टर्नचा गॉब्लिन गाइड मात्र, कोणी अडवला नाही तर, चौथ्या टर्नपर्यंत एकटा आठ उतरवतो. क्रीचर दर टर्नला वसूल होतं, बर्न एकदाच.

मिडरेंजचा हात ओळखायला मला फार वेळ लागला. चार लँड, चुपाकाब्रा, दोन थ्रॅगटस्क. देखणा हात! मी तो दर वेळी ठेवायचे आणि चौथा टर्न येईपर्यंत सहा-सात लाइफवर असायचे. अ‍ॅग्रो समोर आहे हे ठाऊक असेल तर पहिल्या दोन-तीन टर्नला करण्यासारखं काही नसलेला हात टाका. पुश, एल्व्ज किंवा फिंक्स, यांतलं काहीतरी हातात हवंच.

## ६. एक डाव पान-पान करून पाहा

दोन्ही डेक समोर घेऊन हा डाव खरोखर मांडा. अ‍ॅग्रोची सुरुवात.

पहिला टर्न. अ‍ॅग्रो: माउंटन, गॉब्लिन गाइड. याला 'हेस्ट' आहे, म्हणजे आल्या टर्नलाच हल्ला करता येतो. मिडरेंजचा लाइफ १८. गाइडने हल्ला केला की समोरच्याने डेकचं वरचं पान दाखवायचं, लँड असेल तर ती त्याच्या हातात जाते. नवे लोक हे दर वेळी विसरतात. मिडरेंज: फॉरेस्ट, लानोवार एल्व्ज.

दुसरा टर्न. अ‍ॅग्रोच्या हातात बोल्ट आणि स्विफ्टस्पिअर आहेत. बोल्ट कुठे टाकाल?

शंभरातल्या नव्वद वेळा नवा माणूस म्हणतो, तोंडावर, म्हणजे थेट खेळाडूवर. तीन लाइफ गेले की जवळ आलो. पण हिशेब करा. एल्व्ज जगला तर दुसऱ्याच टर्नला किचन फिंक्स येतो. तो दोन लाइफ देतो, गाइडला अडवतो, दोघं मरतात, आणि 'पर्सिस्ट'मुळे फिंक्स जरा लहान होऊन परत येतो आणि आणखी दोन लाइफ देतो. म्हणजे चार लाइफ आणि गाइड गेला. शिवाय थ्रॅगटस्क चौथ्या टर्नलाच. तीन लाइफपायी एवढं देऊन बसायचं नाही. पहिल्या-दुसऱ्या टर्नचा एल्व्ज मारायचाच. मात्र हाच एल्व्ज पाचव्या टर्नला आला तर त्याच्याकडे बघू नका, तेव्हा बोल्ट तोंडावर.

आणि क्रम! आधी स्विफ्टस्पिअर उतरवा, मग एल्व्जवर बोल्ट टाका. तिलाही 'हेस्ट' आहे, आणि 'प्रोवेस'ही, म्हणजे क्रीचर नसलेलं स्पेल खेळलं की तेवढ्या टर्नपुरती ती एक-एकने वाढते. मग गाइड दोन, स्विफ्टस्पिअर दोन. मिडरेंज १४. उलट्या क्रमाने खेळलात तर एक डॅमेज हवेत गेलं.

मिडरेंज: स्वॅम्प, गाइडवर फेटल पुश.

तिसरा टर्न. अ‍ॅग्रो तीन मानावर लाव्हा स्पाइक आणि सिअरिंग स्पिअर, सहा. स्विफ्टस्पिअर दोनदा वाढून तीन. मिडरेंज ५. अ‍ॅग्रोच्या हातात एकच पान उरलं.

मिडरेंज: तिसरी लँड, किचन फिंक्स. लाइफ ७.

इथे थांबा. हा सगळ्या लेखातला महत्त्वाचा क्षण आहे. पाचवर असताना दोन बोल्ट पुरले असते. सातवर तीन लागतात. फिंक्सने दोन लाइफ दिले असं वहीत दिसतं, प्रत्यक्षात त्याने अ‍ॅग्रोकडून एक अख्खं पान मागितलं, आणि वर अडवायला उभाही राहिला. अ‍ॅग्रोकडे आता टर्नला एकच पान येणार. डाव इथे कलला. पाचव्या टर्नला थ्रॅगटस्क आला आणि मधे लाइफ उतरला नसेल तर बारा होतात, म्हणजे चार बोल्ट.

म्हणून अ‍ॅग्रो खेळताना समोरच्याचा लाइफ तीनच्या पटीत मोजायची सवय लावा. सहावरून सातवर गेला तर काळजी करा, सातवरून नऊवर गेला तर काहीच बदललं नाही.

## ७. मिडरेंज असाल तर पलटायचं केव्हा

मिडरेंजचं सर्वांत सामान्य मरण असं: टेबल ताब्यात आलं, अ‍ॅग्रोकडे काही उरलं नाही, आणि आपण "आणखी सुरक्षित होऊ" म्हणून बसून राहिलो. सहा टर्न गेले आणि वरून दोन बोल्ट आले. वरचे काका यात मला महिनोन्महिने हरवत होते.

अ‍ॅग्रोच्या साठात सोळा बर्न आहेत, म्हणजे दर चार पानांमागे एखादं. तुम्ही जितके टर्न द्याल तितकी पानं त्याला फुकट मिळतात. थ्रॅगटस्क आणि फिंक्स दोघं मिळून आठ मारतात, समोर कोणी नसेल तर वीस लाइफ तीन हल्ल्यांत संपतात. तेव्हा सूत्र असं ठेवा: समोरच्याची टेबलावरची सगळी क्रीचर आणि हातातली पानं बर्न धरूनही तुम्ही पुढच्या टर्नला मरत नसाल, तर या टर्नला हल्ला करा. घाई आता तुम्हाला आहे, कारण वेळ त्याला पानं देतो आहे. भाचा पहिल्यांदा हे ऐकून म्हणाला, "पण मावशी, मी तर जिंकतोच आहे ना?" जिंकत असतानाच संपवायचं असतं.

ड्युरेसबद्दल एकच: ते पहिल्या-दुसऱ्या टर्नला टाका आणि काढलेल्या पानापेक्षा उरलेल्या हाताकडे लक्ष द्या. तो वहीत लिहून ठेवा. पुढचे तीन टर्न कोणती पानं येऊ शकतात हे तुम्हाला ठाऊक असतं. उशिरा मात्र रिकाम्या हातावर ते वाया जातं.

## ८. खुर्च्या बदला

दोन डेक बांधायला सांगितलं ते यासाठी. पाच डाव अ‍ॅग्रो खेळा, मग डेक अदलाबदल करून पाच मिडरेंज. फिंक्स समोरून आल्यावर पोटात कसा गोळा येतो हे अ‍ॅग्रोच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर तुम्ही मिडरेंज खेळताना तो नेमक्या टर्नला टाकता.

सुरुवात मात्र अ‍ॅग्रोने करा, असं माझं मत आहे. सोपा म्हणून नाही. अ‍ॅग्रोमध्ये चूक लगेच दिसते: समोरचा एका लाइफवर वाचला, आणि तो एक लाइफ दुसऱ्या टर्नला क्रम चुकल्याने राहिला होता. मिडरेंजमध्ये तीच चूक पुढच्या थ्रॅगटस्कखाली झाकली जाते.

हे सगळं जमल्यावर साइडबोर्डकडे या. तीन डावांच्या सामन्यात पहिल्या डावानंतर बदलायला पंधरापर्यंत पानं बाजूला ठेवता येतात. डूम ब्लेड काळ्या क्रीचरना मारत नाही, तेव्हा काळा डेक समोर आला तर काय घालाल याचा विचार इथे करा. घाईने साइडबोर्ड बनवू नका. आधी वीस-तीस डाव होऊ द्या.

## ९. बाहेर स्पर्धेला जाताना

- डेकची यादी, कागदावर, पानांच्या संख्येसह, साइडबोर्ड वेगळा. डेक आणि यादी पान-पान जुळवून बघा. माझ्या पहिल्या स्पर्धेत यादीत एकोणसाठ पानं लिहिली गेली होती आणि एक डाव तिथेच गेला.
- विझर्ड्सचं (मॅजिक बनवणाऱ्या कंपनीचं) खातं आणि फोनवर त्यांचं कम्पॅनियन अ‍ॅप. नोंदणीसाठी बऱ्याच ठिकाणी विचारतात. खातं घरूनच उघडा.
- सगळ्या स्लीव्ह नव्या, एका रंगाच्या, सोबत दहा सुट्या.
- वही-पेन, फासे, पाणी.

फेरी बहुधा पन्नास मिनिटांची असते आणि त्यात तीन डाव बसवायचे असतात. मिडरेंजवाल्यांनी हे मनावर घ्या. घरी विचार करायला कोणी अडवत नाही, तिथे वेळ संपली की जिंकत आलेला सामनाही बरोबरीत सुटतो. जाण्याआधी दोन रविवार मोबाइलवर पन्नास मिनिटं लावून खेळा.

आणि वहीत लाइफच्या शेजारी एक रकाना आखा: घाई कोणत्या टर्नला बदलली. आमच्या वहीत बहुतेक डावांत तिथे तीन किंवा चार लिहिलेलं आहे. पहिल्या दहा डावांत तुम्हाला तो आकडा डाव संपल्यावर भरावा लागेल. खेळता खेळता भरता यायला लागला की स्पर्धेचा फॉर्म भरा.